कोणाचा रे तू?

(कुटुंबात किंवा लघुख्रिस्ती समूहात एकत्र वाचण्यासाठी. वाचन : लूक १९:१-१०)



गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात सात-आठ वर्षांचा एक मुलगा धावता धावता माझ्यावर येऊन आदळला. मी त्याला धरले आणि विचारले, "कोणाचा रे तू?" त्याने बापाचे नाव सांगितले. माझ्या चेहऱ्यावर काही उजेड पडला नाही हे पाहून त्याने आजोबांचे नाव सांगितले, मग आळीचे सांगितले. तरीही मला कळेना, तेव्हा म्हणाला, "फादर, ती क्वायरमध्ये सगळ्यांत मोठ्याने गाते ना, तिचा मी भाऊ." तेव्हा कुठे ओळख पटली. स्वतःचे नाव मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

ही आपल्याकडची जुनी रीत आहे. शहरात अनोळखी मुलाला "तुझं नाव काय?" असे विचारतात, गावात "कोणाचा तू?" असे विचारतात. वरवर पाहता हा नुसता चौकसपणा वाटतो. पण या साध्या प्रश्नात एक मोठे सत्य दडलेले आहे. माणूस कोणाकोणाचा आहे हे कळल्याशिवाय तो कोण आहे हे कळत नाही. आज या सत्याचा थोडा अभ्यास करू या. विषय तत्त्वज्ञानाचा आहे, पण घाबरू नका. त्याची बहुतेक उदाहरणे तुमच्या ओटीवर आणि स्वयंपाकघरातच सापडतील.

१. बंद खोलीतला 'मी'

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्याच वर्षी आम्हांला देकार्त शिकवला गेला. रने देकार्त हा फ्रेंच तत्त्ववेत्ता, जेझुइट फादरांच्या शाळेत शिकलेला. १६१९ सालच्या हिवाळ्यात जर्मनीत असताना तो एका ऊबदार खोलीत एकटाच विचार करीत बसला. पुढे १६३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ती विचारपद्धती मांडली. ज्या ज्या गोष्टीवर संशय घेता येतो ती ती बाजूला ठेवायची. समोरचे जग खरे कशावरून? माझे हातपाय तरी खरे कशावरून? असे करता करता शेवटी एकच गोष्ट उरते : हा संशय घेणारा, विचार करणारा मी. तेवढा मात्र पक्का.

विशीतल्या आम्हां मुलांना हे भारी आवडले. जगाची गरज नाही, माणसांची गरज नाही, 'मी' आपला स्वयंभू! पण आमच्या एका वयस्कर प्राध्यापकांनी एकच प्रश्न विचारून आमच्या फुग्यातील हवा काढली. ते म्हणाले, "पोरांनो, हा विचार त्याने कोणत्या भाषेत केला? आणि ती भाषा त्याला कोणी शिकवली?"

देकार्त जेमतेम वर्षाचा असताना त्याची आई वारली. आजीने त्याला सांभाळले. म्हणजे त्या बंद खोलीत तो एकटा नव्हताच. आजीने शिकवलेली बोली आणि शाळेतल्या फादरांनी शिकवलेले लॅटिन त्याच्याबरोबर खोलीत शिरले होते. 'मी' हा शब्दसुद्धा त्याने कोणाच्या तरी तोंडून ऐकून उचलला होता.

२. पंपाखालचा हात

मग भाषाच मिळाली नाही, तर 'मी'चे काय होते? या प्रश्नाचे उत्तर एका मुलीच्या आयुष्यात मिळते. हेलन केलर यांचे नाव तुम्ही शाळेत वाचले असेल. १८८० साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया गावी त्यांचा जन्म झाला. एकोणीस महिन्यांच्या असताना मोठे आजारपण आले आणि दृष्टी व श्रवण दोन्ही गेले. त्यामुळे जेमतेम उमलू लागलेली वाचाही मिटली.

छोटी हेलन मठ्ठ नव्हती. 'ये' म्हणायचे तर ओढायची, 'जा' म्हणायचे तर ढकलायची. भूक लागली की पाव कापण्याची खूण करायची. घरच्यांना तिच्या अशा पुष्कळ खुणा कळत. पण त्या खुणांनी गरज भागत होती, गप्पा होत नव्हत्या. मनासारखे झाले नाही की ती हातपाय आपटायची.

३ मार्च १८८७ रोजी ॲन सलिव्हन नावाची वीस वर्षांची शिक्षिका बोस्टनहून त्यांच्या घरी आली. ती हेलनच्या तळहातावर बोटांनी एकेक अक्षर लिहायची. बाहुली हातात द्यायची आणि तळहातावर 'बाहुली' लिहायची. हेलन तो बोटांचा खेळ हुबेहूब करून दाखवायची, पण त्या खेळाला अर्थ आहे हे तिला ठाऊकच नव्हते. महिनाभर असेच चालले.

५ एप्रिल १८८७. त्या दिवशी 'पेला' आणि 'पाणी' या दोन शब्दांचा घोळ सुटेना. चिडून हेलनने नवी बाहुली जमिनीवर आपटून फोडली. त्याचे तिला काडीचेही वाईट वाटले नाही. मग ॲन तिला बाहेर विहिरीवरच्या पंपाशी घेऊन गेली. एका हातावर गार पाण्याची धार धरली आणि दुसऱ्या हातावर 'पाणी' हा शब्द लिहीत राहिली, आधी सावकाश, मग भराभर. आणि एकाएकी त्या मुलीला उमजले, की हा बोटांचा खेळ म्हणजे हे गार वाहणारे काहीतरी आहे! प्रत्येक वस्तूला नाव असते! त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने तीसएक शब्द शिकून घेतले. जमिनीचे नाव विचारले, पंपाचे विचारले आणि मग वळून, जी आपल्याला हे शिकवते आहे तिचेही नाव विचारले. ॲनने लिहिले, 'शिक्षिका'.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे. घरात परत आल्यावर हेलनला ती फुटलेली बाहुली आठवली. तिने चाचपडत तुकडे शोधले आणि जोडून पाहिले. ते जुळेनात, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्या लिहितात, की पश्चात्ताप काय असतो हे त्यांना त्या दिवशी आयुष्यात प्रथमच कळले.

बंधुभगिनींनो, हा क्रम नीट पाहा. सकाळी बाहुली फोडणारी मुलगी आणि दुपारी तिच्यासाठी रडणारी मुलगी एकच. मधल्या वेळात घडले ते इतकेच, की दुसऱ्या एका माणसाबरोबर तिला एक शब्द वाटून घेता आला. शब्द मिळाला आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा माणूस मिळाला, मग 'मी' मिळाला, आणि 'माझे चुकले' हेही मिळाले. शिक्षिका येण्यापूर्वी आपण आहोत याचीच आपल्याला जाणीव नव्हती, असे त्यांनी पुढे १९०८ सालच्या एका पुस्तकात म्हटले आहे. याच हेलनबाई पुढे पदवीधर झाल्या, जगभर फिरल्या आणि १९५५ साली भारतातही येऊन गेल्या.

३. आरशातला मी

हाच विचार शास्त्र म्हणून मांडणारे दोन प्राध्यापक त्या काळात अमेरिकेत होऊन गेले. एक चार्ल्स कूली आणि दुसरे जॉर्ज हर्बर्ट मीड. काही वर्षे दोघे मिशिगन विद्यापीठात सहकारी होते. पुढे मीड शिकागोला गेले.

कूली यांनी आपल्याच लहान मुलाच्या बोलण्याची टिपणे ठेवली होती. मूल 'मी', 'माझे' हे शब्द केव्हा आणि कसे वापरू लागते ते त्यांना पाहायचे होते. एकटे बसलेले मूल 'माझे' कशाला म्हणेल? दुसऱ्याने खेळणे ओढले की ते 'माझं!' म्हणून ओरडते. म्हणजे 'मी'ची पहिली धार दुसऱ्यावर घासूनच येते.

१९०२ साली कूली यांनी यासाठी आरशाची उपमा दिली. माणसांचे चेहरे हा आपला आरसा, असे ते म्हणतात. त्यात तीन पायऱ्या असतात. पहिली, समोरच्याला मी कसा दिसत असेन याची मी कल्पना करतो. दुसरी, ते पाहून त्याचे माझ्याविषयी काय मत होत असेल याची कल्पना करतो. तिसरी, त्यावरून मला अभिमान तरी वाटतो किंवा लाज तरी वाटते.

माझेच उदाहरण देतो. प्रवचन चालू असताना मागच्या बाकावरच्या कोणी घड्याळाकडे पाहिले, की माझ्या मनात तिन्ही पायऱ्या एका क्षणात चढून होतात : 'मी लांबण लावतोय असे दिसत असणार, फादर कंटाळवाणे आहेत असे त्याला वाटत असणार', आणि मग माझा आवाज उगाच चढतो. कदाचित त्या भल्या माणसाला फक्त बस गाठायची असेल! म्हणून लक्षात ठेवा, या आरशात दुसऱ्याचे खरे मत दिसत नाही, आपण कल्पिलेले मत दिसते. आरसा वेडावाकडा असू शकतो. आता तर तो खिशातच असतो. फोटो टाकायचा आणि किती जणांनी पाहिला, किती जणांना आवडला हे दर पाच मिनिटांनी मोजायचे. ज्या वयात 'मी' घडत असतो त्याच वयातल्या आपल्या मुलामुलींच्या हातात हा आरसा दिवसरात्र आहे, याचा आईबापांनी विचार करावा.

४. मिस्सा-मिस्सा आणि क्रिकेट

मीड यांनी एक पाऊल पुढे टाकले. आरशात पाहणारा 'मी' तयार तरी कसा होतो? त्यांचे उत्तर : खेळता खेळता.

आपल्या घरातली लहान मुले 'मिस्सा-मिस्सा' खेळतात. आईची ओढणी खांद्यावर टाकायची, स्टीलचा पेला वर उचलायचा आणि धाकट्या भावंडांना गुडघ्यांवर बसवायचे. कोणी टीचर होते, कोणी डॉक्टर होते, कोणी आई होऊन बाहुलीला रागावते. हा पहिला टप्पा. यात मूल एका वेळी एका माणसाच्या जागी उभे राहते आणि तिथून स्वतःकडे पाहायला शिकते. बाहुलीला "किती वेळा सांगितलं तुला!" असे म्हणणारी मुलगी खरे तर आईच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहत असते.

दुसरा टप्पा नियमांच्या खेळाचा. मीड यांनी बेसबॉलचे उदाहरण दिले, आपण क्रिकेटचे घेऊ. शेतात स्टंप रोवून खेळणाऱ्या मुलाला नुसते स्वतःचे काम ठाऊक असून चालत नाही. चेंडू आपल्याकडे आला तर तो विकेटकीपरकडे फेकायचा की बोलरकडे, दुसरा गडी कुठे पळेल, हे सगळे त्याच्या डोक्यात एकाच वेळी हवे. म्हणजे अख्खा संघ त्याच्या मनात उतरलेला असतो. मोठेपणी असाच अख्खा समाज आपल्या मनात उतरतो.

त्या मनातल्या समाजाला आपल्या भाषेत फार चांगले नाव आहे : 'चार लोक'. "चार लोक काय म्हणतील?" हे चार लोक कोण, ते कुठे राहतात, कोणी पाहिलेले नाही. पण लग्नाच्या मांडवापासून मयताच्या घरापर्यंत ते आपल्याबरोबर असतात.

५. जनाची आणि मनाची

आपल्याकडे म्हण आहे, 'जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी.' मीड वाचताना मला ही म्हण नव्याने कळली. मनाची लाजसुद्धा आपण आधी जनांतच शिकतो. आईने डोळे वटारले, आजोबांनी "आपल्या घरात असं करत नाहीत" म्हटले, धर्मशिक्षणाच्या सिस्टरनी समजावले. ते सारे आवाज आत मुरतात, आणि कोणी पाहत नसतानाही आपला हात आखडतो.

पण इथे एक गंभीर शंका येते. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे निव्वळ लोकांचा प्रतिध्वनी आहे काय? तसे असेल, तर लोक चुकले की माझी बुद्धीही चुकणार. लोक हुंडा घेतात, मीही घेईन. लोक खोटी बिले करतात, मीही करीन.

असे नाही. मीड यांनीसुद्धा 'स्व'चे दोन भाग सांगितले. मराठीत ते सोपे करून 'मला' आणि 'मी' असे म्हणता येतील. लोक मला कसे पाहतात, माझ्याकडून काय अपेक्षितात, ते सारे 'मला'मध्ये साठते. पण त्याला उत्तर देणारा असतो तो 'मी', आणि तो काय उत्तर देईल हे आधी कोणी सांगू शकत नाही. चार लोकांच्या विरुद्ध उभा राहणारा माणूसही एकटा नसतो, तो त्यांच्याहून मोठ्या समाजाकडे दाद मागतो, असे मीड म्हणतात. श्रद्धावंत माणूस त्याहीपुढे जातो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ सालच्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात सदसद्विवेकबुद्धीला माणसाचा अंतर्यामीचा गाभारा मानले आहे. तिथे माणूस देवासमोर एकटा उभा असतो.

ऑस्ट्रियातील सांक्त राडेगुंड या खेड्यातला फ्रान्झ येगरश्टेटर हा एक साधा शेतकरी. तो गावच्या देवळात साक्रिस्तानचे काम करी. हिटलरच्या सैन्यासाठी लढण्यास त्याने नकार दिला. "बायकामुलांचा विचार कर" म्हणून शेजाऱ्यांनी समजावले, धर्मगुरूंनी समजावले, त्याच्या बिशपांनीही तसाच सल्ला दिला. चारच काय, सगळेच लोक एका बाजूला होते. घरी तीन लहान मुली होत्या. ९ ऑगस्ट १९४३ रोजी, वयाच्या ३६व्या वर्षी, त्याचा शिरच्छेद करण्यात आला. २००७ साली पवित्र सभेने त्याला धन्य घोषित केले, तेव्हा त्याची पत्नी फ्रान्झिस्का ९४ वर्षांची होती आणि त्या विधीला हजर होती.

हे बळ त्याला कुठून आले? तेही माणसांतूनच. पत्नीबरोबरच्या प्रार्थनेतून, संतांच्या चरित्रांच्या वाचनातून आणि रोजच्या मिस्सातून. गावातल्या चार लोकांपेक्षा मोठी सोबत त्याने मनात वसवली होती. म्हणून लोकांचे ऐकावे की नाही, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. मनात कोणत्या लोकांना राहायला जागा द्यायची, हे आपल्याला ठरवावे लागते.

६. हातातल्या खुणा

हेलनला पाण्याचा शब्द मिळाला. आपल्याला काय काय मिळाले आहे, ते आठवा. क्रूसाची खूण करायला तुम्हांला कोणी शिकवले? बहुतेकांना आईने किंवा आजीने हात धरून शिकवली असेल. उजवा-डावा खांदा कळायच्या आधी ती खूण हातात बसली. संध्याकाळची घंटा झाली की हातातले काम थांबते. जपमाळ संपली की लहान मुले मोठ्यांचा आशीर्वाद घेतात. यांतले एकही आपण एकट्याने शोधलेले नाही. या खुणांमुळे आपण 'आपण' झालो आहोत.

बोली हीदेखील अशीच एक खूण आहे. पेत्र महायाजकाच्या अंगणात येशूला नाकारीत होता तेव्हा त्याच्या बोलण्यानेच तो उघडा पडला. गालीलातला माणूस तोंड उघडताच ओळखू आला. मी सेमिनरीत असताना ऑफिसमध्ये आईचा फोन यायचा. मित्र आजूबाजूला असत, म्हणून मी घरच्या बोलीऐवजी पुस्तकी मराठीत बोलायचो. एकदा आईने विचारले, "बरं नाही का तुला? पाहुण्यासारखा का बोलतोस?" मी हसून वेळ मारून नेली. पण त्या दिवशी मीही एका अर्थाने अंगणातल्या पेत्रासारखाच वागलो होतो. आज आपल्या घरांत आजी एका भाषेत बोलते आणि नातू दुसऱ्या भाषेत उत्तर देतो. इंग्रजी शिकावी, जरूर शिकावी. पण घरची बोली सोडताना आपण नुसते शब्द सोडत नाही, ज्यांच्या डोळ्यांत आपण स्वतःला प्रथम पाहिले त्या माणसांपासून तुटतो.

खूण पोकळही होऊ शकते. मिस्सात शांतीची खूण करताना आपण हात जोडून डावीकडे, उजवीकडे वळतो. बांधावरून सात वर्षे न बोलणारे दोन भाऊ एकाच देवळात बसतात. दोघे हात जोडतात, पण नेमके एकमेकांच्या दिशेला वळत नाहीत. मी वेदीवरून ते पाहतो. ती खूण तशीच करीत राहिलो तर ती आपल्याला खोटेपणाचे वळण लावते. खरी केली तर तीच खूण आपल्याला माणसात आणते.

७. माझे हसू

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथल्या एका गृहस्थांनी चौदा महिने दारूचा थेंब घेतला नव्हता. हे त्यांच्या परवानगीने सांगतो आहे. सणाच्या तयारीच्या सभेत खाऊच्या स्टॉलचा गल्ला कोणी सांभाळायचा हा प्रश्न आला. कोणीतरी त्यांचे नाव सुचवले. मागून एकजण म्हणाला, "गल्ला संध्याकाळपर्यंत गुत्त्यात पोचेल." सभा हसली. मीही हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो.

पुढचे तीन रविवार ते मिस्साला दिसले नाहीत. मी घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, "फादर, लोक हसले त्याचं मला काही नाही, लोकांची सवय आहे. पण मी तुमच्या तोंडाकडे पाहत होतो."

मी माफी मागितली. त्यांनी ती दिली. पण सणाच्या समितीत ते परत आले नाहीत. ते दारू सोडणाऱ्यांच्या एका गटाच्या मीटिंगला जात राहिले. त्या चळवळीचा आरंभ १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन शहरी झाला. तिथे प्रत्येकजण उभा राहून आपले नाव आणि आपला आजार सांगतो, आणि बाकीचे त्याला नावाने 'ये' म्हणतात. दारू सोडून वर्ष झाले की वाढदिवस करतात. म्हणजे काय करतात? नवा आरसा देतात.

त्याच ॲक्रनमध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलात सिस्टर इग्नेशिया नावाच्या धर्मभगिनी होत्या. दारूच्या रोग्यांना हॉस्पिटले दारात उभे करीत नसत तेव्हा, १९३९ सालापासून त्यांनी डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याबरोबर अशा रोग्यांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला त्या येशूच्या पवित्र हृदयाचा एक बिल्ला देत आणि त्याच्याकडून एक वचन घेत : पुन्हा पहिला घोट घ्यायचा झाला, तर आधी हा बिल्ला मला परत आणून द्यायचा. एवढासा कापडाचा तुकडा. पण खिशात हात गेला की एक चेहरा समोर उभा राही, आणि तो चेहरा म्हणे, 'माझा तुझ्यावर विश्वास आहे.'

त्या सिस्टरांनी बिल्ला दिला होता आणि मी हसू दिले होते. माणूस घडवायला आणि मोडायला इतकेच पुरते.

८. झाडावरचा माणूस

आता आजचे वाचन उघडा. यरीहोतला जक्कय हा जकातदारांचा मुख्य. गावाच्या आरशात त्याचे एकच रूप होते : पापी. बुटका होता म्हणून गर्दीतून त्याला येशू दिसेना, असे लूक सांगतो. मला वाटते, गर्दीने वाट दिली असती तर उंचीची अडचण आली नसती. त्याला कोणी पुढे येऊ दिले नाही, म्हणून तो झाडावर चढला.

येशू झाडाखाली थांबतो, वर पाहतो आणि त्याला नावाने हाक मारतो. दोषांची यादी वाचत नाही, तर त्याच्या घरी उतरण्याची इच्छा सांगतो. लोक कुरकुरतात, जुने नाव पुन्हा उच्चारतात. पण नव्या आरशात स्वतःला पाहिलेला जक्कय उभा राहतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो, ज्यांना फसवले त्यांना चौपट भरून देतो. क्रम पाहा : आधी हाक, मग बदल. आपण उलट करतो. आधी बदलून दाखव, मग हाक मारू, असे म्हणतो.

शेवटी येशू सर्वांसमोर जाहीर करतो, की हाही अब्राहामाचा मुलगा आहे. बंधुभगिनींनो, हे आपल्याच प्रश्नाचे उत्तर नाही काय? "कोणाचा रे तू?" गाव म्हणत होते, हा आपला नव्हे. येशू म्हणाला, हा आपलाच आहे.

आपले धर्मग्राम हा एक मोठा आरसा आहे. नापास झालेली मुलगी, नोकरी गेलेला बाप, घर मोडून माहेरी आलेली बहीण, दारू सोडलेला भाऊ, परप्रांतातून येऊन शेवटच्या बाकावर बसणारे कुटुंब, हे सारे रविवारी आपल्या चेहऱ्यांत स्वतःला पाहतात. आपण त्यांना काय दाखवतो, याचा हिशेब एक दिवस द्यावा लागेल. तो देताना ती सभा आणि ते हसू मला आठवेल. तुम्हांलाही काही आठवत असेल. अजून वेळ आहे.

चर्चेसाठी व चिंतनासाठी

१. लहानपणी कोणाच्या एका वाक्याने तुम्हांला बळ दिले? कोणाच्या एका वाक्याने तुम्ही खचलात? घरात एकमेकांना सांगा.

२. आपल्या आळीत जुन्या चुकीच्या नावाने अजून ओळखले जाणारे कोणी आहे काय? (नाव उच्चारू नका, मनात ठेवा.)

३. तुमच्या मनातले 'चार लोक' कोण आहेत? त्यांत येशूला आणि संतांना किती जागा आहे?

४. या आठवड्यात एक कृती : दुसऱ्या प्रश्नात मनात आलेल्या माणसाला भेटून त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. पुढच्या रविवारी शांतीची खूण करताना, जिकडे वळायचे टाळता तिकडे वळा.

प्रभूच्या प्रेमात,
तुमचा धर्मगुरू